‘सर्व्हर डाऊन’च्या मागची वायर

तहसील कचेरीच्या खिडकीवर चिकटवलेला कागद बहुतेकांनी पाहिला असेल : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या यावे.’ सर्व्हर असतो पुण्या-मुंबईत, आणि पुष्कळदा तो ठणठणीत चालू असतो. बंद पडलेली असते ती वायर. कधी रस्त्यावर जेसीबीने तोडलेली, कधी कचेरीच्याच फॉल्स सीलिंगमध्ये उंदराने कुरतडलेली. कुठे तुटली हे शोधायला तास-दोन तास पुरतात. ती जोडायची कुणी, हे ठरायला आठवडा जातो. हा आठवडा आला कुठून, याची गोष्ट बरीच जुनी आहे.

भारतात निरोपाची तार आली तीच मुळी सरकारच्या कामासाठी. विल्यम ओशॉनेसी हा कंपनी सरकारचा डॉक्टर. त्याने १८३९मध्ये कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले, आणि १८५१मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाइन कंपनीच्या कामासाठी सुरू झाली. १८५४पर्यंत तार आग्रा, मुंबई आणि मद्रासपर्यंत पोचली. सामान्य माणसाला ती वापरता आली १८५५पासून. ओशॉनेसीने विलायतेसारखी बारीक तार वापरली नाही, जवळजवळ पेन्सिलीएवढी जाड लोखंडी सळई ओढली. कारण साधं होतं. माकडं लोंबणार, मोठे पक्षी बसणार, वादळात झाडं पडणार आणि दुरुस्तीला माणूस पोचायला दिवस लागणार. म्हणजे देखभाल कोण करणार हा प्रश्न त्याने तार टाकायच्या आधी सोडवायला घेतला होता. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत आपल्याकडे हे फार वेळा घडलेलं नाही. (माकडांना तो पुरून उरला, माणसांना नाही. १८५७च्या उठावात तारा तोडल्या गेल्या आणि त्या सळ्यांचे तुकडे बंदुकीत भरून डागल्याच्या नोंदी आहेत. तांब्याच्या केबलचोरीचं मूळ शोधायचं तर तिथवर जाता येईल.)

मग आला १८८५चा भारतीय तार कायदा. त्याच्या दहाव्या कलमाने तार खात्याला कुणाच्याही जमिनीवरून, जमिनीखालून तार नेण्याचा आणि खांब रोवण्याचा अधिकार दिला. त्या कलमात क्रियापदं दोन आहेत : तार टाकणे आणि ती राखणे. दोन्ही एकाच वाक्यात आणि एकाच खात्याच्या गळ्यात. पुढे जे बिघडलं ते ही दोन क्रियापदं एकमेकांपासून सुटली म्हणून, असं माझं मत आहे.

टेलिफोनचं सुरुवातीचं प्रकरण खासगी होतं. १८८२मध्ये कलकत्ता, मुंबई, मद्रास इथे एक्स्चेंज उघडली ती कंपन्यांनी. मुंबईचं एक्स्चेंज सरकारने ताब्यात घेतलं १९४३मध्ये. तिथून पुढची चाळीसेक वर्षं म्हणजे पोस्ट आणि तार खात्याचं एकछत्री राज्य. एक्स्चेंजपासून साहेबांच्या टेबलावरच्या काळ्या यंत्रापर्यंत सगळं खात्याचं. यंत्रसुद्धा खात्याचं, आपण नुसतं भाडं भरायचं. केबलदेखील सरकारीच. १९५२मध्ये बंगालमधल्या रूपनारायणपूरला हिंदुस्तान केबल्स हा कारखाना उभा राहिला आणि देशभरच्या टेलिफोन केबलचा मोठा भाग तिथून येऊ लागला.

त्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायचं कारण नाही. फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, आणि मिळाल्यावर पावसाळ्यात तो मुका व्हायचा. पण मुका का झाला आणि बोलता कोण करणार, हे ठरलेलं होतं. कलेक्टर कचेरीतला फोन बंद पडला की दुसऱ्या चालू फोनवरून १९८ फिरवायचा. एक्स्चेंजच्या टेस्ट डेस्कवर त्या नंबरचं फॉल्ट कार्ड बाहेर निघायचं, त्यावर त्या फोनच्या दोन तारांच्या जोडीचा सगळा प्रवास लिहिलेला : एमडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमधल्या जोडणीच्या मुख्य चौकटीवर, कुठली पट्टी, रस्त्याकडेच्या कुठल्या कॅबिनेटमधून गेली, कुठल्या डीपीवर, म्हणजे घराजवळच्या वाटपाच्या पेटीवर, उतरली. टेस्ट डेस्कवाला मोजून सांगायचा, दोष आत आहे की बाहेर. मग लाइनमन सायकलवरून निघायचा.

जॉइंटरचं, म्हणजे जमिनीखालची केबल जोडणाऱ्याचं, काम मी लहानपणी खड्ड्याच्या काठावर उभं राहून पाहिलेलं आहे. जुन्या केबलमध्ये तांब्याच्या प्रत्येक तारेवर कागद गुंडाळलेला असायचा आणि सगळ्यावर शिशाचं कवच. कागद कोरडा असेपर्यंत उत्तम, शिशाला केसाएवढी चीर पडली की संपलं. पाणी आत शिरायचं, कागद भिजायचा आणि शेकडो जोड्या एकदम खरखरू लागायच्या. पावसाळ्यात तिसऱ्याचंच बोलणं आपल्या फोनवर ऐकू यायचं ते यामुळे. म्हणून मोठ्या केबलमध्ये एक्स्चेंजमधून कोरडी हवा दाबाने भरून ठेवत, म्हणजे चीर पडली तर हवा बाहेर येईल, पाणी आत जाणार नाही. जॉइंटर खड्ड्यात उकिडवा बसून एकेक जोडी पिळायचा, त्यावर कागदाची नळी सरकवायचा, आणि शेवटी शिशाची बाही चढवून वितळलेला डाग, म्हणजे सोल्डर, कापडाने फिरवत फिरवत गुळगुळीत करायचा. लाइनवर ४८ व्होल्ट असतात, त्यात धन बाजू जमिनीला जोडलेली, कारण उलटं केलं तर ओलाव्यात तांबं झिजत जातं. ४८ व्होल्टचं काही वाटत नाही. मात्र हात ओला आणि नेमकी त्याच जोडीवर कुणाच्या तरी फोनची घंटी आली की ७५-८० व्होल्टचा झटका बसायचा आणि खड्ड्यातून त्या अज्ञात ग्राहकाचा उद्धार ऐकू यायचा.

पुढे कागदाची जागा प्लॅस्टिकने घेतली आणि मधल्या पोकळीत जेली भरू लागले. पाण्याचा त्रास पुष्कळ कमी झाला. अशी जेलीभरली केबल पुण्याची फिनोलेक्सही बनवू लागली. फायबरची सुरुवातही महाराष्ट्रातलीच आहे. दोन एक्स्चेंजना जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर १९७९मध्ये पुण्यात चालू झाली. नंतर फायबरचा मोठा कारखाना औरंगाबादला आला.

खाती मात्र फुटत गेली. १९८५मध्ये पोस्ट आणि दूरसंचार वेगळे झाले, १९८६मध्ये मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल, आणि १ ऑक्टोबर २०००पासून उरलेल्या देशासाठी बीएसएनएल. याच मधल्या काळात कचेऱ्यांत दुसरीच एक वायर शिरली, आणि गोंधळ खरा तिने सुरू केला.

१९७६मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जिल्हे उपग्रहाने जोडले. कलेक्टर कचेरीच्या गच्चीवर छत्री आली. बाहेरचं जाळं असं आभाळातून उतरलं, पण आत एका संगणकापासून दुसऱ्यापर्यंत जायला वायर लागणारच. पहिली वायर टीव्हीच्या केबलसारखी काळी, कोअॅक्सिअल. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर माळेसारखी फिरायची, प्रत्येक संगणकामागे इंग्रजी टी-च्या आकाराचा जोड आणि माळेच्या दोन्ही टोकांना ५० ओहमची छोटीशी टोपी. यातली एक टोपी कुणी झाडताना सैल केली की अख्ख्या मजल्याचं जाळं बंद. नव्वदच्या दशकात ही माळ गेली आणि प्रत्येक टेबलाला हबपासून स्वतंत्र वायर आली : आठ तारा, चार जोड्या, कॅट-५. अमेरिकेत १९९१मध्ये इमारतींच्या केबलिंगचं मानक निघालं होतं, तेच जगभर चाललं. टोकाच्या जोडात आठ तारांचे रंग बसवायचे ते असे : नारिंगीपट्टी, नारिंगी, हिरवीपट्टी, निळा, निळीपट्टी, हिरवा, तपकिरीपट्टी, तपकिरी. हा क्रम आमच्या धंद्यातल्या पोरांना झोपेतही येतो. रॅकपासून टेबलापर्यंत सगळं धरून १०० मीटर, त्यापुढे भरवसा नाही, हा नियमही तिथलाच.

आता भिंतीवर दोन वायरी झाल्या. फोनची वायर दूरसंचारची, ते ठरलेलं. दुसरी कुणाची? इमारत सार्वजनिक बांधकाम खात्याची. त्यांची विद्युत शाखा दिवे-पंखे बघते, ‘नेटवर्क आमच्या अंदाजपत्रकात नाही’ म्हणते. एनआयसीचा अधिकारी तांत्रिक सल्ला देतो, त्याच्याकडे शिडी चढणारा माणूस नाही. वायर टाकणारा ठेकेदार वॉरंटी संपेपर्यंत फोन उचलतो. मग वार्षिक देखभालीचा करार होतो, तोही बहुतेकदा संगणक-प्रिंटरचा. भिंतीतली वायर त्यात धरली आहे की नाही, हे बिघाड झाल्यावरच वाचलं जातं. १८८५च्या कलमातलं दुसरं क्रियापद इथे गळालं.

इमारतींचीही चूक नाही. आपल्या कितीतरी तहसील कचेऱ्या ब्रिटिश काळातल्या, दोन-दोन फूट जाडीच्या काळ्या दगडी भिंतींच्या. त्यांत झिरी मारता येत नाही, म्हणून केसिंग-पट्टी वरूनच ठोकायची आणि सागवानी चौकटीला भोकं पाडायची. नंतरच्या इमारतींचीही हीच गत. मंत्रालयाची इमारत १९५५ची, तेव्हा प्रत्येक टेबलावर जाळ्याची वायर लागेल हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं. बांधकामाच्या नकाशातच संदेशवहनासाठी वेगळी जागा धरावी असं स्वतंत्र प्रकरण राष्ट्रीय इमारत संहितेत आलं ते २०१६मध्ये.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी नेटवर्कचा एकच मुका पॉइंट बघायला गेलो होतो. छताचं पान सरकवलं आणि मानेवर धुळीबरोबर चार-पाच लेंड्या पडल्या. वर चार पिढ्या एकमेकींत गुंतून पडलेल्या : काळी कोअॅक्सिअल, करडी टेलिफोनची, निळी कॅट-५, त्यावरून नवी कॅट-६. निळीतल्या दोन वायरी ट्यूबच्या चोकला खेटून गेलेल्या, तिथे त्यांचं कवच पिवळं पडलं होतं. एकाही वायरीला फेरूल, म्हणजे ओळखीच्या क्रमांकाचा छल्ला, नाही, रॅकवरच्या चिठ्ठ्या उडून गेलेल्या. मेलेल्या वायरी काढून का टाकल्या नाहीत, असं मी विचारलं. तिथला शिपाई म्हणाला, ‘‘मेलेली कंची आन् जित्ती कंची, कुनाला ठावं? म्हनून कुनी हात लावत न्हाई.’’ खरं होतं. मीही लावला नाही, शेजारून पाचवी ओढून दिली.

२१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा चौथ्या मजल्यापासून वरचा भाग जळाला, माणसं गेली, असंख्य फायली गेल्या. छतामागे आणि शाफ्टमध्ये साचलेल्या वायरी आगीला एका मजल्यावरून दुसऱ्यावर नेतात, हे अग्निशमनवाले सगळ्याच इमारतींबद्दल सांगत आलेले आहेत. त्यानंतर मोठ्या कचेऱ्यांच्या निविदांत कमी धुराच्या केबलची आणि शाफ्टमधली भोकं बुजवण्याची अट जास्त वेळा दिसू लागली, निदान माझ्या पाहण्यात.

इमारतीबाहेरच्या जाळ्याची कथा मोठ्या आकड्यांची आहे. २००५मध्ये केंद्राने ३,३३४ कोटींची राज्यव्यापी जाळ्यांची योजना मंजूर केली, राज्याच्या राजधानीपासून जिल्हा आणि जिल्ह्यापासून तालुका असा किमान २ एमबीपीएसचा दुवा. ऑक्टोबर २०११मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा निर्णय झाला. तीच योजना पुढे भारतनेट. महाराष्ट्रात तिचा दुसरा टप्पा राज्य सरकारने महानेट म्हणून स्वतः घेतला. पहिल्या टप्प्यात खर्च वाचवायला तालुक्यापासून शक्य तितकी वाट बीएसएनएलच्या जुन्याच फायबरवरून नेली, नवी केबल उरलेल्या अंतरापुरती. रचना झाडाच्या फांदीसारखी. फांदी जिथे तुटेल तिथून पुढची सगळी गावं अंधारात.

आणि फांद्या तुटत राहिल्या. रस्ता रुंदीकरण, पाण्याची पाइपलाइन, गटार, प्रत्येकाचा जेसीबी वेगळा. खोदताना तुटणाऱ्या वाहिन्यांपायी वर्षाला सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं, असा सरकारचाच अंदाज. म्हणून मार्च २०२३मध्ये खोदण्याआधी कळवण्याचं अॅप काढलं. अॅप चांगलं आहे, पण केबल जमिनीखाली नक्की कुठून गेली हे नकाशात असेल तरच उपयोग. हा नकाशा वर्षानुवर्षं लाइनमनच्या डोक्यात होता. ‘वडाच्या झाडापासून चार पावलं, मग मोरीच्या डाव्या अंगाने’ असा. ३१ जानेवारी २०२०ला बीएसएनएलच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांच्याबरोबर असे किती नकाशे घरी गेले, त्याची नोंद ठेवायला रकाना नव्हता.

ऑगस्ट २०२३मध्ये भारतनेटची सुधारित योजना मंजूर झाली, १,३९,५७९ कोटींची. तीत फांदीऐवजी कडं आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने वाट राहील. आणि टाकणाऱ्याच्याच गळ्यात दहा वर्षांची देखभाल बांधलेली आहे. त्याच वर्षी १८८५च्या कायद्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा संमत झाला, आणि वाटेच्या हक्काचे, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून केबल नेण्याचे, नवे नियम १ जानेवारी २०२५पासून लागू झाले.

हे सगळं ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या पेटीपर्यंत. तिथून ग्रामसेवकाच्या टेबलापर्यंतचे दहा-वीस मीटर अजून जुन्याच पद्धतीचे. एका कचेरीत वार्षिक पडताळणी चालू असताना मी तिथेच होतो. जडसंग्रह नोंदवहीत स्विच होता, राउटर होता, आणि पुढच्या ओळीत ‘केबल बॉक्स, ३०५ मीटर, नग १’. तपासणाऱ्याने विचारलं, हा नग कुठे आहे? लिपिकाने कपाटावरून पुठ्ठ्याचं रिकामं खोकं उतरवून पुढे ठेवलं. केबल केव्हाच भिंतीत गेली होती. खोक्यावर पांढऱ्या रंगात अनुक्रमांक घातलेला होता, तो वहीशी जुळला आणि बरोबरची खूण झाली.