पद्मिनीचे पॉइंट काय सांगतात

स्टार्टर जोमात फिरतो, बॅटरी ठणठणीत आहे, टाकीत पेट्रोल आहे, तरी इंजिन काही पकडत नाही. काही महिने उभ्या राहिलेल्या प्रीमियर पद्मिनीची ही नेहमीची तक्रार. मग संशय पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरवर जातो, तो खोलला जातो, जेट साफ होतात आणि गाडी होती तिथेच राहते. माझं सांगणं असं, की आधी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला पाळीने वीज वाटणाऱ्या डब्याची, कॅप काढा. आत धातूचे दोन लहान ठिपके समोरासमोर बसलेले दिसतील. गॅरेजमध्ये त्यांना पॉइंट म्हणतात. इग्निशनच्या, म्हणजे पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीच्या व्यवस्थेच्या, बऱ्याच दोषांचा पुरावा या ठिपक्यांवरच उमटलेला असतो. तो नीट पाहिला, तर अंदाजाने एकेक भाग बदलत बसावं लागत नाही.

पद्मिनी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, मूळ फियाट ११०० ची गाडी. चार सिलिंडर, १०८९ सीसी, बारा व्होल्ट. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. आता ज्या उरल्या आहेत त्या हौसेने सांभाळलेल्या आहेत, आणि त्यांचे पॉइंट लावून देणारे मेस्त्री दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून हे काम मालकाने स्वतः शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. त्याला लागतं ते फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), एक टेस्ट लॅम्प (दोन वायरींचा छोटा दिवा), स्क्रू ड्रायव्हर आणि थोडं विज्ञान.

प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला हजारो व्होल्ट लागतात, बॅटरी देते बारा. मधलं काम कॉइल करते. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तारेचे दोन वेढे असतात: एक जाड तारेचा, थोड्या फेऱ्यांचा, दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, हजारो फेऱ्यांचा. पॉइंट मिटलेले असताना जाड तारेतून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठतं. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र एकदम कोसळतं. चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत विद्युतदाब निर्माण होतो, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं. बदल जितका झपाट्याने, दाब तितका मोठा. जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला की पाइपात ठोका बसतो, तसाच हा विजेचा ठोका. जाड तारेत तो दोन-तीनशे व्होल्टपर्यंत जातो आणि बारीक तारेत पंधरा-वीस हजारांपर्यंत. म्हणजे ठिणगी पडते ती पॉइंट मिटताना नव्हे, उघडताना. ही रचना अमेरिकेत डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांनी तयार केली आणि १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती बसली. पुढची साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावर धावल्या.

पण जाड तारेतला तो दोन-तीनशे व्होल्टचा ठोका पॉइंटच्या नुकत्या उघडणाऱ्या फटीतूनच उडी मारू पाहतो. तिथे ठिणगी पडली तर प्रवाह झटक्यात तुटत नाही आणि प्लगकडची ठिणगी मरते. ते टाळायला पॉइंटला जोडून कंडेन्सर असतो. फट वाढेपर्यंत प्रवाहाला तो तात्पुरती जागा देतो. बोटाच्या पेराएवढा, स्वस्त भाग, पण तो गेला तर सगळी व्यवस्था कोलमडते. एका पॉइंटवर धातूचा सुळका आणि समोरच्यावर खड्डा दिसला, तर धातू एकीकडून दुसरीकडे वाहून गेला आहे. थोडं असं होणं स्वाभाविक, पण हे लवकर आणि ठळक झालं असेल तर कंडेन्सरची क्षमता जुळत नाही असं समजावं. निळसर-काळे करपलेले पॉइंट दिसले तर पॉइंटमधली फट फार कमी आहे, कंडेन्सर निकामी झाला आहे किंवा आत तेल उडतं आहे. राखाडी, सपाट, किंचित खरखरीत पृष्ठभाग म्हणजे सगळं ठीक.

चार महिने उभ्या गाडीत मात्र बहुधा यातलं काहीच नसतं. पॉइंट टंगस्टनचे असतात आणि दमट हवेत त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. डोळ्यांना दिसणारही नाही असा हा थर बारा व्होल्टला अडवू शकतो. पॉइंटची बारीक कानस दोन-तीनदा फिरवावी, मग पॉइंट मिटवून मधून कोऱ्या जाड कागदाची पट्टी ओढावी. पॉलिश पेपर वापरू नये. त्याचे कण धातूत रुततात आणि नंतर तेच प्रवाहाला अडवतात.

नुसत्या नजरेने कळलं नाही तर टेस्ट लॅम्प. कॉइलवरून जी बारीक वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते, त्या टोकाला लॅम्पची एक वायर लावायची, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला. चावी ऑन करून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट उघडमीट करताहेत. सतत पेटलेला राहिला तर वीज कॉइलपर्यंत येते, पण पॉइंट घाण आहेत किंवा मिटतच नाहीत. पेटलाच नाही, तर लॅम्प कॉइलच्या दुसऱ्या टोकाला लावून बघायचा. तिथेही अंधार असेल तर दोष चावी किंवा वायरिंगचा. तिथे पेटला, तर लॅम्प पुन्हा पहिल्या टोकाला आणून डिस्ट्रिब्युटरची बारीक वायर सोडवायची. आता तो पेटला, तर कॉइलचा जाड वेढा शाबूत आहे आणि वीज इंजिनच्या धातूत उतरते आहे (मेस्त्री याला ‘अर्थ’ म्हणतात) ती डिस्ट्रिब्युटरच्या आत: पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. पाच मिनिटांत दोषाची जागा सापडते. ही तपासणी चालू असताना जवळ पेट्रोल सांडलेलं नको, आणि पेसमेकर बसवलेल्या माणसाने यात हात घालू नये. काम झालं की चावी बंद. इंजिन थांबलेलं आणि पॉइंट मिटलेले असताना ती ऑन राहिली, तर कॉइल तापत राहते.

आता पॉइंटमधली फट. अशा चार सिलिंडरच्या गाड्यांत ती साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला घ्यावा. एवढ्याशा फटीची एवढी काळजी का? इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असताना सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. एका ठिणगीच्या वाट्याला दहा मिलिसेकंद, त्यातले पॉइंट मिटलेले असतात साधारण साडेसहा. कॉइल भरायला मिळतो तो एवढाच वेळ. फट जास्त ठेवली तर पॉइंट कमी काळ मिटतात, कॉइल अर्धवट भरते आणि वेगात गाडी मिसिंग करते, म्हणजे मधल्या काही ठिणग्या चुकतात. फट कमी असेल तर पॉइंट करपतात, टायमिंग (ठिणगी पडण्याचा क्षण) मागे पडतं, सुरू करताना त्रास होतो. शिवाय याच वेगाने तासाभरात पॉइंट ३,६०,००० वेळा उघडतात. कॅमवर, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या चार उंचवट्यांच्या फिरत्या भागावर, घासणारा फायबरचा ठोकळा त्यात झिजतो आणि फट आपोआप कमी होत जाते. म्हणून दर पाचेक हजार किलोमीटरला ती मोजावी. कॅमला तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस पुरे. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवरच येतं. मोजताना कॅमच्या चारही उंचवट्यांवर मोजा. आकडे वेगवेगळे आले तर डिस्ट्रिब्युटरचा बुश (दांड्याला आधार देणारी नळी) झिजून शाफ्ट (आतला फिरता दांडा) डुलतो आहे, आणि पॉइंट कितीही नवे टाकले तरी गाडी सुधारणार नाही.

गाडी थंड असताना उत्तम आणि बोरघाट चढताना बंद, हा प्रकार जास्त फसवा. काही कंडेन्सर आणि कॉइल तापल्यावरच दगा देतात. पेट्रोलची वाफ होऊन पंप कोरडा पडला तरी लक्षणं तशीच. फरक ओळखायचा तर गाडी बंद पडल्या क्षणीच ठिणगी बघायला हवी. कॉइलवरून कॅपच्या मध्यावर येणारी जाड वायर काढून, लाकडी चिमट्यात धरून, इंजिनच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवायची आणि स्टार्टर मारायचा. कडक निळी ठिणगी असेल तर पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका. पिवळट, मरगळलेली असेल तर कंडेन्सर बदला. अर्धा तास थांबून बघितलं तर दोन्ही बाबतीत सगळं ठीकच दिसेल. पावसाळ्यात यात कॅपची भर पडते. आत दमट थर बसला की वीज प्लगऐवजी कॅपच्या भिंतीवरून पळते आणि तिथे काळी कोळशाची रेघ उमटते. नुसता ओलावा कोरड्या फडक्याने जातो; रेघ उमटलेली कॅप मात्र बदलावीच.

बाजारात पॉइंटऐवजी बसवायचे इलेक्ट्रॉनिक संच मिळतात. रोज गाडी वापरणाऱ्याने ते जरूर बसवावेत, त्यात झिजणारं काही नसतं. मी स्वतः पॉइंटच ठेवीन, कारण ते बिघडले तर रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करता येतात. नवा कंडेन्सर आणल्यावर जुना चालू असलेला फेकू नये. तो डिकीत असावा.

सगळ्यात शेवटी टायमिंग. फट बदलली की पॉइंट उघडण्याचा क्षणही सरकतो, म्हणून आधी फट, मग टायमिंग. उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं. त्यासाठीही तोच टेस्ट लॅम्प, कॉइलच्या त्याच टोकाला. पुलीवरची खूण पुस्तकात दिलेल्या अंशावर आणून ठेवा, चावी ऑन करा, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करा आणि रोटर (कॅपखालचा फिरता भाग) फिरतो त्याच्या उलट दिशेने तो हळूहळू फिरवत न्या. लॅम्प पेटला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच बोल्ट आवळा, आणि आवळताना डिस्ट्रिब्युटर सरकला नाही ना, हे पुली एकदा पूर्ण फिरवून पुन्हा तपासा.