घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक ऑइल : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

सर्व्हिसिंगच्या बिलात ‘ब्रेक ऑइल बदलले’ ही ओळ दिसली की अनेक ग्राहक विचारतात, डबी तर भरलेली होती, मग तेल बदलले कशासाठी? प्रश्न रास्त आहे. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही आणि वापराने संपतही नाही. ते आतल्या आत बिघडते आणि हा बिघाड डबीतील पातळीवरून कळत नाही, म्हणून हे माहितीपत्रक आम्ही देत आहोत.

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या या द्रवावर दाब देतो आणि द्रव आकुंचन पावत नसल्यामुळे तो दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. आपण त्याला ऑइल म्हणत असलो तरी बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल इथर या वर्गातील रसायन असते आणि हवेतील ओलावा शोषून घेणे हा त्याचा गुणधर्म असतो. रबरी होजपाइपमधून आणि डबीच्या झाकणाशी असलेल्या हवेच्या वाटेने ओलावा सावकाश आत शिरत राहतो. आमच्या चिपळूण परिसरात पावसाळ्याचे चार महिने कपाटातले कपडेही दमट होतात, तेथे गाडी नुसती उभी असली तरी हे घडते. त्यामुळे ‘गाडी फारशी चालली नाही’ हे तेल न बदलण्याचे कारण होऊ शकत नाही.

पाणी मिसळल्याने तेलाचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि खरा धोका येथेच आहे. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा सांगणारा क्रमांक असतो. डॉट ४ दर्जाचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट आहे. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी असताना हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० असे आहेत. गावातल्या रस्त्यांवर ब्रेक इतके तापत नाहीत, घाटात मात्र तापतात. प्रवाशांसह १,२०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आली, तर सुमारे १८ लिटर साधे पाणी उकळीला आणता येईल इतकी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. त्यातील काही भाग इंजिन आणि वारा घेतात, उरलेला सगळा भार ब्रेकवर पडतो. कराडकडून कुंभार्ली घाट न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या गाडीचे कॅलिपर, म्हणजे चाकाजवळ ब्रेक पॅड दाबून धरणारे भाग, किती तापत असतील याचा अंदाज यावरून यावा.

तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ सहज दाबली जाते, त्यामुळे पेडल तळापर्यंत जाते आणि ब्रेक लागत नाही. पुढे असे होते की, गाडी अर्धा तास उभी राहून थंड झाली म्हणजे वाफेचे पुन्हा पाणी होते, पेडल पूर्वीसारखे घट्ट लागते आणि तपासणीत कोणताही दोष दिसत नाही. म्हणून घाटात पेडल एकदा जरी मऊ लागले असेल, तरी ते आम्हांला आवर्जून सांगावे. आम्ही ते भ्रम म्हणून सोडून देणार नाही. प्रत्यक्ष घाटात तसे झाल्यास पेडल भराभर दाबत राहावे, क्रमाने खालचे गिअर टाकावेत, हँडब्रेक बेताबेताने ओढावा आणि गाडी थांबल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी मारू नये.

डबीवर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. पॅड झिजत जातात तशी पातळी हळूहळू खाली येते आणि ते स्वाभाविक असते. अशा वेळी वरून तेल ओतून पातळी कमाल खुणेपर्यंत आणू नये, कारण पॅडची झीज लक्षात आणून देणारी खूणच त्यामुळे नाहीशी होते. शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की जादा तेल बाहेर येते आणि गाडीचा रंग खराब करते. तेल रंगावर सांडलेच, तर ते न पुसता भरपूर पाण्याने लगेच धुवावे. पातळी एकाएकी उतरली असेल, तर गळती आहे असे समजून गाडी चालवू नये.

‘ऑइल’ या शब्दामुळेच होणारी एक चूक फार महागात पडते. ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल थोडेसेही गेले, तर आतील रबरी सील फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून होजपाइपपर्यंत बरेच भाग बदलावे लागू शकतात. तसेच डॉट ५ हा पुढचा क्रमांक आहे म्हणून ते अधिक चांगले, असे समजू नये. ते सिलिकॉनचे असते आणि डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळता येत नाही. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉल वर्गातलेच आहे. डबीच्या झाकणावर लिहिलेला दर्जाच वापरावा.

तेल केव्हा बदलावे, याबाबत गाडीच्या पुस्तिकेतील मुदत प्रमाण मानावी. अनेक गाड्यांसाठी ती सुमारे दोन वर्षे असते. घाटात वारंवार जाणाऱ्यांनी ती ओलांडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेल काळपट दिसले तर ते जुने झाले आहे असे म्हणता येते, पण स्वच्छ दिसणाऱ्या तेलातही पाणी असू शकते. बदलताना केवळ डबी रिकामी करून भरणे पुरेसे नाही. प्रत्येक चाकाच्या निपलमधून, म्हणजे तेल काढण्याच्या छोट्या तोटीतून, जुने तेल आणि हवा काढावी लागते. तेल नेहमी सीलबंद बाटलीतले असावे. घरात वर्षभर उघडी राहिलेली अर्धी बाटली आणून देऊ नये, ती आम्ही वापरणार नाही.

काम झाल्यावर तारीख, किलोमीटर आणि तेलाचा डॉट क्रमांक यांची नोंद आम्ही बोनेटच्या आतील बाजूस चिकटवतो. गाडी दुसरीकडे दुरुस्तीला दिली, तरी तेथील कारागिराला ती पट्टी अवश्य दाखवावी.