क्लबचा परवाना आणि सभासदांची वही

क्लबच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दरवर्षी एक सभासद उठतो आणि तोच प्रश्न विचारतो. "जागा आपली, वर्गणी आपली, बाटल्याही आपल्याच पैशातून आणलेल्या. आपणच आपल्याला पाजतो. मग एक्साइजचा परवाना कशाला, आणि त्याची फी दरसाल का भरायची?" टाळ्या पडतात. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावच्या क्लबात मी तीन वर्षं मानद सचिव होतो आणि तिन्ही वर्षं या प्रश्नाला मी अर्धवट उत्तर दिलं. पूर्ण उत्तर द्यायचं तर लंडनच्या कोर्टापासून निजामाच्या फसली सनापर्यंत जावं लागतं, आणि तोवर बाहेर समोसे आलेले असतात.

पहिली गोष्ट अशी, की या सभासदाचा युक्तिवाद मुळीच खुळा नाही. 1882 साली इंग्लंडमध्ये ग्राफ विरुद्ध इव्हान्स या खटल्यात कोर्टाने नेमका हाच धरला होता. ग्रॉसव्हेनर क्लबच्या व्यवस्थापकाने एका सभासदाला दारू दिली, पैसे घेतले. परवाना नव्हता म्हणून खटला भरला गेला. न्यायाधीश म्हणाले, ही विक्रीच नाही. माल सगळ्या सभासदांच्या सामाईक मालकीचा आहे. एकाने आपल्या वाट्याचं उचललं आणि त्याची भरपाई केली, इतकंच. झालं, इंग्लंडभर 'क्लब' उगवले. आत बार आणि बाहेर सभासदत्वाची पाटी. शेवटी 1902 च्या कायद्याने तिथे क्लबांची नोंदणी सक्तीची केली. आज इंग्लंडमध्ये 2003 च्या कायद्याखाली क्लबला वेगळं प्रमाणपत्र मिळतं, पण किमान 25 सभासद लागतात आणि अर्ज केल्यापासून सभासद होईपर्यंत किमान दोन दिवस जावे लागतात. ही दोन दिवसांची अट वाचली तेव्हा मला हसू आलं. दारातच पावती फाडून सभासद करून घेणारे तिकडेही होते म्हणायचे.

भारतातही हा विचार टिकला. मद्रासच्या यंग मेन्स इंडियन असोसिएशनच्या खटल्यात 1970 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की क्लब सभासदांना जे खायला-प्यायला पुरवतो ती विक्री नव्हे. मग अशा पुरवठ्यालाही करासाठी विक्रीत धरणारी 1982 ची सेहेचाळिसावी घटनादुरुस्ती आली. वाद पुन्हा पेटला आणि 2019 मध्ये कलकत्ता क्लबच्या प्रकरणात क्लबांच्या बाजूने निकाल लागला. आमच्या सभेतले वकील सभासद हेच निकाल फडकवतात. पण हे सगळे निकाल विक्रीकराचे आहेत. विक्री झाली की नाही, एवढाच त्यांचा मुद्दा. महाराष्ट्राचा कायदा विक्रीपाशी थांबतच नाही. तो बाळगण्यावर, वाहून नेण्यावर, अगदी पिण्यावरच बंदी घालतो आणि मग परवान्यापुरती ती सैल करतो. बाटली सामाईक मालकीची आहे म्हणावं, तर परवान्याशिवाय ती मालकीच बेकायदा.

हे असं कसं झालं, ते समजायला मराठवाड्याचा दुहेरी वारसा पाहावा लागतो.

आपल्याकडे रस्ता करणाऱ्याला कुणी कंत्राटदार म्हणत नाही, गुत्तेदार म्हणतात. पुण्याकडचा माणूस हे ऐकून दचकतो, कारण त्याच्या कानाला गुत्ता म्हणजे दारूचाच. चूक त्याची नाही. गुत्ता म्हणजे मक्ता, आणि अबकारीचा मक्ता हा त्यातला सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा. निजामाच्या राज्यात अबकारीचा कायदा 1316 फसलीचा, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने 1906-07 चा. शिंदी, ताडी आणि मोहाची दारू या तिन्हींवर राज्याच्या तिजोरीचा चांगलाच भर होता. किनवट, देगलूर, बिलोलीकडे शिंदीची झाडं आजही दिसतात. त्या काळी त्या झाडांकडे महसूल म्हणूनच पाहिलं जाई. त्या कायद्याचा सगळा जीव वसुलीत होता. पिणं हे पाप आहे असं तो कुठे मानत नव्हता.

क्लब मात्र आला छावणीतून. हैदराबाद कंटिन्जन्टच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेच्या, पलटणी औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद (म्हणजे आजचं अंबाजोगाई) इथे होत्या. अधिकाऱ्यांचं मेस, बिलियर्डचं टेबल, टेनिसचं मैदान आणि संध्याकाळचा पेला, हा सगळा संच त्यांच्याबरोबर आला. राजधानीत 1884 साली निजाम क्लब निघाला. अव्वल तालुकदार (म्हणजे निजामाचे जिल्हाधिकारी), मुन्सफ, वकील आणि बडे जमीनदार ज्या वळणाने क्लबात बसत, त्याचा नमुना हा. यातल्या काही संस्थांची नोंदणी पुढे 1350 फसलीच्या, म्हणजे 1940-41 च्या हैदराबादी संस्था नोंदणी कायद्याखाली झाली. जुन्या क्लबाचं कपाट उघडलं तर घटनेची उर्दू प्रत आणि तिचं मराठी भाषांतर एकाच दोरीने बांधलेलं सापडू शकतं. आमच्याकडे सापडलं. भाषांतरात 'सभासद' आणि 'पाहुणा' या दोन शब्दांखाली कुणीतरी जांभळ्या शाईने रेघ मारली होती. ती का मारली असेल, ते मला सचिव झाल्यावर कळलं.

तिकडे मुंबई इलाख्यात वारं वेगळं होतं. मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 चा. 1950 पासून तिथे संपूर्ण दारूबंदी. राज्याने दारूबंदीसाठी झटावं असं सांगणाऱ्या घटनेच्या अनुच्छेद 47 चा तिला आधार होता. एफ. एन. बलसारा यांनी आव्हान दिलं, तेव्हा 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांसारख्या काही बाबी सोडून कायदा टिकवला. मराठवाडा तेव्हा या भानगडीत नव्हता. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी संपली, तरी हैदराबाद राज्य राहिलं आणि फसली सनाचा अबकारी कायदाही राहिला. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, तेव्हा एकाच राज्यात दोन कायदे नांदू लागले. मुंबईत पेल्याला बंदी आणि नांदेडला त्याच पेल्यावर महसूल. 1959 च्या विस्तार व सुधारणा अधिनियमाने मुंबईचा दारूबंदी कायदा उरलेल्या राज्यावर लागू केला आणि गुत्त्याचा मुलूख दारूबंदीच्या मुलखात गेला.

या कायद्यात आरोग्याच्या कारणासाठी परवान्याची सोय होती, कलम 40-अ. डॉक्टरचा दाखला आणायचा, तब्येतीला गरज आहे म्हणून. आमचे एक वयोवृद्ध सभासद सांगत, की त्या वर्षांत क्लबात एकाएकी सगळ्यांचीच प्रकृती नाजूक झाली. अतिशयोक्ती असेल, पण चेष्टा नेमकी आहे. साठच्या दशकात बंदी सैल होत गेली, 1973 मध्ये देशी दारूचे नियम आले. कायदा मात्र रद्द झाला नाही. 2012 मध्ये नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं, तरी 'दारूबंदी' शब्द तसाच राहिला. महसूल गोळा करणाऱ्या विभागाचं नाव राज्य उत्पादन शुल्क आणि त्याच्या हातातला कायदा दारूबंदीचा. लोक त्याला अजून दारूबंदी खातंच म्हणतात. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत वर्धा-गडचिरोलीसारखी बंदी नाही, तरीही.

क्लबचा परवाना या दोन्ही वारशांचं लेकरू आहे. 1953 च्या विदेशी मद्य नियमांत प्रत्येकाला एफएल (फॉरेन लिकर) क्रमांक दिलेला आहे: वाइन शॉप एफएल-2, परमिट रूम एफएल-3, क्लब एफएल-4. 'परमिट रूम' ही पाटी आपण रस्त्यावर रोज वाचतो, पण त्यातला 'परमिट' हा शब्द कुणाच्या कानावरच पडत नाही. कायद्याच्या दृष्टीने परवाना दोघांकडे हवा, विकणाऱ्याकडे आणि पिणाऱ्याकडेही. एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभराला, आजीव हजाराला. सौम्य मद्य म्हणजे बिअर-वाइन 21 वर्षांपासून, बाकीचं 25 पासून. परमिट रूममध्ये कोणीही गिऱ्हाईक चालतं. क्लबात मात्र या माणसाचं आपल्या घटनेप्रमाणे काय नातं आहे, हे आधी पाहावं लागतं. परवाना स्वस्त आणि शांत ठेवायचा तर तो सभासदांपुरता, हा त्यामागचा सौदा.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? संध्याकाळी सातला बारचा माणूस येतो. त्याचं नाव नोकरनाम्यावर, म्हणजे बारवर काम करायच्या एक्साइजच्या परवानगीवर, आहे. नोकरनामा नसलेल्या पोराने ग्लास भरला तरी तो गुन्हा. मग एफएलआर नमुन्याच्या वहीत कालची शिल्लक, आज आलेलं, वाहतूक पासाचा क्रमांक. फुटलेली बाटली फेकायची नाही, दाखवायची. मापं वैधमापनवाल्यांच्या शिक्क्याची, तीस आणि साठची. काउंटरच्या कोपऱ्यात एकदिवसीय परवान्यांचं पुस्तक, ज्याची पानं आठनंतर झपाट्याने कमी होतात. आमच्याकडे एका तपासणीत व्हिस्कीची एक बाटली कमी निघाली. शोध घेतल्यावर कळलं, की एका पदाधिकाऱ्याने ती 'उद्या लिहू' म्हणून घरी नेली होती. उद्या उजाडलाच नव्हता. नोटीस माझ्या नावाने आली, कारण परवान्यावर क्लबच्या वतीने सचिवाचं नाव असतं. सामाईक मालकीची सगळी तत्त्वं त्या दिवशी एकट्या माणसाच्या पत्त्यावर पोस्टाने आली.

जबाबदारीने विकणं म्हणजे काय, हे परवान्याच्या अटींतून कळतं. त्यात उपदेशाला जागा नाही. झिंगलेल्या माणसाला आणखी देऊ नका, दारूच्या जागेत धिंगाणा किंवा जुगार होऊ देऊ नका. सभासदाला 'आता पुरे' म्हणणं परमिट रूमच्या वेटरला कदाचित सोपं असेल. आमच्या बारवाल्याला ते ज्याला म्हणायचं असतं तोच त्याचा पगार ठरवणाऱ्या समितीत बसलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ला मात्र हा संकोच नाही. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर गेलं, की सभासद क्रमांक विचारला जात नाही.

जुगाराचं म्हणाल, तर आपल्या तालुक्यांत 'क्लब' म्हटलं की आधी पत्तेच आठवतात. यातला मोठा खटला आपल्याच जुन्या हैदराबाद राज्याच्या कायद्याखालचा. सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर धाड पडली आणि 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. पण त्या निकालातला मला रस वाटलेला भाग वेगळा. क्लब खेळणाऱ्यांकडून थोडी रक्कम घेत होता; ती सोयीसुविधांची वर्गणी की जुगाराचा नफा, हे कोर्टाने तपासलं आणि क्लबला सोडलं. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच: हे घर आहे की दुकान?

लॉन भाड्याने देणाऱ्या क्लबांत हा प्रश्न लग्नसराईत येतो. सभासदाच्या सहीवर त्याच्या साडूच्या मुलाचं लग्न, चारशे पाहुणे आणि बार 'आपलाच'. एफएल-4 अशा गर्दीसाठी नाही. त्यासाठी एका दिवसाचा वेगळा परवाना, एफएल-4-अ, काढावा लागतो. तो काढला तर कटकट संपते. बहुतेक वेळा काढला जात नाही, कारण अर्ज करायची आठवण हळदीच्या दिवशी होते.

2016 हे साल मराठवाड्याला विसरता येणार नाही. उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आलं आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली. त्याच वर्षी 15 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीचे परवाने नकोत, असा निकाल दिला. 1 एप्रिल 2017 पासून अंमल. धुळे-सोलापूर रस्त्यालगतचे बार बंद झाले आणि बऱ्याच क्लबांना तोवर वाटत होतं, की आपण बार नाही, आपल्याला काय त्याचं! परवाना आहे म्हटल्यावर अंतरही आलं. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना 220 मीटरची सवलत मिळाली, जुलै 2017 मध्ये शहरांच्या हद्दीतली दुकानं निकालातून वगळली गेली आणि टेप घेऊन फिरणारे लोक दिसेनासे झाले.

ड्राय डेच्या बाबतीत क्लबांचा असाच गैरसमज असतो. 2 ऑक्टोबर, आषाढी एकादशी वगैरे दिवस सगळ्यांना पाठ असतात; जिल्हाधिकारी कलम 142 खाली शांततेसाठी आयत्या वेळी देतात तो आदेश व्हॉट्सॲपवर फिरतो. चूक होते ती निवडणुकीत. मतदान संपण्याआधीचे 48 तास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135-क ने बंद ठेवलेत, सार्वजनिक आणि खाजगी दोन्ही जागांवर, आणि निवडणूक आयोगाच्या सूचनांत क्लबांचा उल्लेख मुद्दाम केलेला असतो. आमच्या शेजारच्या गावातल्या एका क्लबने 'आतल्या आत' म्हणून चालू ठेवलं. आतल्या आत काही राहत नाही; पार्किंगमधल्या गाड्या बाहेरूनच दिसतात.

सचिवपद सोडायच्या आधीच्या सभेत तो सभासद पुन्हा उठला. जागा आपली, वर्गणी आपली. सभा संपल्यावर मी काउंटरवरची वही उघडून त्याचं नाव शोधलं. आजीव परवाना नव्हता, वार्षिकही नव्हता. अकरा वर्षं तो रोज पाच रुपयांचं पान फाडून घेत आलाय, आणि त्या पानांचे पैसेही महिनाअखेरीच्या बिलात लावायला सांगतो.