‘काम कमी झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

२०२३च्या डिसेंबरपर्यंत दादर स्टेशनवर कुणाला ‘एक नंबरवर थांब’ असं सांगणं धोक्याचं होतं. एक नंबर पश्चिम रेल्वेला होता, तसाच मध्य रेल्वेलाही होता. मी एकदा पश्चिमच्या एक नंबरवर पाऊण तास उभा होतो आणि मित्र मध्यच्या एक नंबरवर, तेवढाच वेळ, तेवढाच वैतागून. चूक दोघांचीही नव्हती. पुढे ९ डिसेंबर २०२३पासून पश्चिमचे १ ते ७ तसेच ठेवून मध्यच्या फलाटांना ८ ते १४ असे नवे क्रमांक दिले गेले, तेव्हा कुठे एका आकड्याला एकच फलाट उरला.

शब्दांना असे क्रमांक देता आले असते तर? देतात की! पवईच्या आयआयटीत तयार झालेल्या मराठी वर्डनेट या संगणकी शब्दकोशात ‘उत्तर’ म्हणजे जबाब आणि ‘उत्तर’ म्हणजे दिशा या दोन वेगळ्या नोंदी आहेत, प्रत्येकीचा क्रमांक वेगळा. अडचण एवढीच, की बोलताना कुणी क्रमांक सांगत नाही.

हे सगळं आठवलं ते भाचीमुळे. ती बारावीला आहे, लालबागला राहते. ‘विज्ञान : शाप की वरदान’ या आपल्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेल्या निबंधाला कॉलेजने नवे कपडे घातले होते: ‘तंत्रज्ञानामुळे माणसाचं काम कमी झालं आहे. बाजू मांडा.’ तिने चॅटबॉटला विचारून मुद्दे काढले होते आणि वहीच्या मागच्या पानावर उतरवले होते. मुद्दा एक: मिक्सर, वॉशिंग मशीन आले, काम कमी झालं. मुद्दा तीन: बँकेत पासबुक छापायची यंत्रं आली, काउंटरवरचं काम कमी झालं. दोन्ही मुद्दे अनुकूल बाजूच्या रकान्यात.

“तिसरा परत वाच,” मी म्हटलं.

“का? बरोबरच आहे की, मामा.”

खाटेवर पेपर वाचत तिचे आजोबा बसले होते. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तात्या गिरणीत होते, १९८२च्या संपापर्यंत. त्या घरात ‘काम गेलं’ हे शब्द तेव्हापासून एकाच अर्थाने बोलले जातात. तात्या पेपर खाली न करता म्हणाले, “आमचं तर कमी नाही, संपलंच.”

मग तिला दिसलं. पहिल्या मुद्द्यातलं काम म्हणजे कष्ट, तिसऱ्यातलं म्हणजे रोजगार. कष्ट कमी झाले तर पेढे वाटावेत. रोजगार कमी झाला तर पेढे कोण खाणार? शब्द एकच असल्यामुळे दोन्ही वाक्यं एका माळेत शोभून दिसत होती.

वादातल्या या खोडीला न्याय या जुन्या भारतीय तर्कशास्त्रात स्वतंत्र नाव आहे: वाक्छल. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण मला फार आवडतं. एक जण म्हणतो, ‘नवकम्बलोऽयं माणवकः’, या पोराकडे नवं कांबळं आहे. प्रतिपक्षी लगेच उसळतो: नऊ कुठली? एकच तर दिसतंय! संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवं आणि नऊ, दोन्ही. तिथे छल करणारा जाणूनबुजून करतो. निबंधात मात्र आपण स्वतःशीच छल करतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. ‘ध चा मा’ करायला अक्षर बदलावं लागतं, ते पकडता तरी येतं. इथे अक्षर न अक्षर जागच्या जागी असतं.

यंत्रांनाही नेमका याच जागी घाम फुटला. ७ जानेवारी १९५४ला न्यूयॉर्कमध्ये आयबीएम आणि जॉर्जटाउन विद्यापीठाने संगणकाकडून साठेक रशियन वाक्यांचं इंग्रजी करून दाखवलं. शब्दसंग्रह २५०, व्याकरणाचे नियम ६. तीन-पाच वर्षांत भाषांतराचा प्रश्नच मिटेल, अशी भाषा तेव्हा सुरू झाली. १९६०मध्ये येहोशुआ बार-हिलेल या अभ्यासकाने एका पोरकट वाटणाऱ्या वाक्याने त्यातली हवा काढली: ‘द बॉक्स वॉज इन द पेन.’ इंग्रजीत ‘पेन’ म्हणजे लेखणी, आणि रांगत्या मुलाला खेळायला ठेवतात ते छोटं कुंपणही. खेळण्यांची पेटी लेखणीत मावत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण शब्दकोशाने आणि व्याकरणाने ते यंत्राला कुठून सांगायचं? १९६६मध्ये अमेरिकी सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल आला आणि तिथला या संशोधनाचा पैसा बराचसा आटला.

वाट सापडली ती शेजाऱ्यांकडून. शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा, असं जे. आर. फर्थ हा इंग्रज भाषाशास्त्रज्ञ १९५७मध्ये सांगून गेला होता. त्याच्या कितीतरी आधी, साधारण पाचव्या शतकात, भर्तृहरी या व्याकरणकाराने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात शब्दाचा अर्थ कशाकशावरून ठरतो याची यादी दिली आहे, तिच्यात ‘शब्दस्यान्यस्य संनिधिः’, म्हणजे दुसऱ्या शब्दाचं जवळ असणं, हेही आहे. आपल्याकडे हीच गोष्ट बैलांवरून सांगतात: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आजच्या चॅटबॉटमागे असलेल्या भाषा-प्रारूपांचा गाभा मला याहून चांगला सांगता येणार नाही. त्यांच्या मुळाशी असलेल्या, २०१७मध्ये आलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाच्या रचनेत प्रत्येक शब्द म्हणजे आकड्यांची एक लांबलचक यादी असते. ‘काम’ या शब्दाची यादी सुरुवातीला सगळीकडे सारखीच. मग आजूबाजूच्या शब्दांकडे बघून, कुणाकडे किती लक्ष द्यायचं ते ठरवून, ती थरामागून थर बदलत जाते. शेजारी भांडी-कपडे असले तर एकीकडे झुकते, पगार-कामगार असले तर दुसरीकडे. अक्षरांचं वाण तेच, अर्थाचा गुण लागलेला.

पण शेजारीच गप्प असले तर? ‘तंत्रज्ञानामुळे माणसाचं काम कमी झालं आहे’ या वाक्यात एकही शब्द कष्टांकडे किंवा रोजगाराकडे बोट दाखवत नाही. भाचीच्या चॅटबॉटने म्हणूनच दोन्ही अर्थ एका ताटात वाढले. ‘तुला कुठलं काम म्हणायचंय?’ असं त्याने विचारलं नाही. तिनेही नाही, म्हणा.

मग आम्ही मुद्दे बाजूला ठेवून आधी वाक्यालाच हात घातला. ‘काम’ खोडून ‘कष्ट’ लिहिलं. ते खोडून ‘रोजगार’ लिहिलं. दोन वेगळे निबंध समोर उभे राहिले. एक निवडायचा, किंवा दोन्ही घ्यायचे आणि मधे स्पष्ट भिंत घालायची. ‘कमी’लाही विचारलं: कशाच्या मानाने, आणि कधीपासून? ‘माणसाचं’ म्हणजे कुठल्या माणसाचं, हे विचारल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि चहा मागितला.

चहानंतर तिच्या मुद्दा चारमध्ये आणखी एक सापडलं: ‘लॉकडाऊनमध्ये सगळ्या मुलांकडे मोबाइल नव्हता.’ म्हणजे कुणाकडेच नव्हता, की काहींकडे होता आणि काहींकडे नव्हता? इथे शब्द निर्दोष आहेत, नकार किती लांब पसरतो तेवढंच संदिग्ध आहे. आणि ‘जुन्या गिरणीतल्या कामगारांच्या चाळी’मध्ये जुनं काय, गिरणी, कामगार की चाळी? व्याकरण तिन्हींना ‘जुन्या’ लावू देतं. यावर तात्या म्हणाले, “तिन्ही.”

कधीकधी मराठी आपली काळजी घेते, हेही सांगायला हवं. ‘डबा पिशवीत मावेना, कारण तो मोठा होता’ यात मोठा कोण, ते लिंगावरून कळतं. डब्याऐवजी बरणी ठेवा: ‘बरणी पिशवीत मावेना, कारण ती मोठी होती.’ आता लिंग हात वर करतं आणि बार-हिलेलची पेटी परत येते. काय कशात मावतं, ते जगाकडून शिकलेलं असावं लागतं. ‘परवा’ तर पुढेही जातो आणि मागेही, त्याला क्रियापद सांभाळून घेतं.

रात्री दहाला तिचं पहिलं वाक्य तयार झालं: ‘घरातल्या यंत्रांनी ती चालवणाऱ्यांचे कष्ट कमी केले, कामाच्या जागी आलेल्या यंत्रांनी रोजगार घटवला की वाढवला, हे धंद्याधंद्यावर अवलंबून आहे.’ लांब झालंय, अशी तिची तक्रार होती. असू दे, म्हटलं. मग तिने शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं: ‘म्हणून आपण तंत्रज्ञान स्वीकारलं पाहिजे.’

तात्यांनी पेपर खाली केला.

“आपण म्हणजे कोण कोण?”