पाटो, माळा आणि अठरा जून : पणजीच्या तोंडी नावांमागचा इतिहास

१८४३ साली पोर्तुगीज सरकारने पणजीला शहराचा आणि राजधानीचा दर्जा दिला आणि तिचे कागदोपत्री नाव ठेवले 'नोव्हा गोवा'. हे नाव शंभरावर वर्षे सरकारी शिक्क्यांवर राहिले, पण लोकांच्या तोंडी काही बसले नाही. म्हापशाचा, डिचोलीचा माणूस तेव्हाही पणजीलाच जायचा. या शहरात पाटीवरचे नाव आणि बोलण्यातले नाव वेगळे असणे तेव्हापासूनचे आहे, आणि शहराचा इतिहास शोधायचा तर तो बोलण्यातल्या नावांत जास्त सापडतो असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात करावी पाटोपासून. पोर्तुगिजांची मूळ राजधानी आजच्या जुने गोवे येथे होती. तिथून पणजीपर्यंत वाटेत पाणथळ जागा आणि मिठागरे. व्हाइसरॉय कौंट लिन्यारिश याच्या कारकिर्दीत, १६३३-३४ च्या सुमारास, रायबंदर ते पणजी असा सुमारे ३ किलोमीटरचा दगडी बांध घातला गेला. त्यावरूनच आजही रायबंदरची वाहतूक चालते. या बांधाचे पणजीकडचे टोक, ओरेच्या खाडीलगतचा भाग, तो पाटो. कौंटाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात राहिले आणि लोकांनी ठेवले ते पाटो! आज तिथे सरकारी कचेऱ्यांच्या आणि बँकांच्या काचेच्या इमारती आहेत, शेजारी बसस्थानक आहे. त्या बसस्थानकाला कुणी बसस्थानक म्हणत नाही, ते 'कदंबा'. १९८० साली स्थापन झालेल्या कदंब परिवहन महामंडळाचे हे नाव. मडगावला किंवा वास्कोला जायचे तर इथल्या खिडकीवर आधी तिकीट काढून रांग लावायची आणि 'शटल' पकडायची. मध्ये कुठे न थांबता ती थेट पोचते. पलीकडे खासगी बसचा कंडक्टर दारात लोंबकळत 'म्हापशें, म्हापशें' ओरडत असतो.

पोर्तुगिजांच्या कितीतरी आधी ज्या कदंब राजवंशाने गोव्यावर राज्य केले, त्यांचे नाव आज रोज हजारो तोंडी आहे ते असे. त्यांची राजधानी गोपकपट्टण म्हणजे हल्लीचे थोरले गोवे. पोर्तुगीज त्याला 'गोवा व्हेल्या' ('व्हेल्या' म्हणजे जुना) म्हणत आणि स्वतः सोडून आलेल्या राजधानीला 'व्हेल्या गोवा'. या उलटसुलट नावांनी आजही पाहुणे गोंधळतात. आपल्याकडची थोरले गोवे आणि जुने गोवे ही दोन नावे त्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहेत.

जुन्या राजधानीत रोगराई माजली, वस्ती ओस पडत गेली आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला. मांडवीकाठची हीच इमारत पुढे सचिवालय झाली. विधानसभाही २००० सालापर्यंत इथेच भरायची. विधानसभा पर्वरीला गेली, तरी इमारत 'जुने सचिवालय'च. आदिलशहाचे नाव सहसा कुणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

माळा आणि फोंताइन्यश हे पणजीतले शेजारी वाडे. पर्यटक येतात ते फोंताइन्यशला, रंगीत घरांसमोर फोटो काढायला. पणजीकर मात्र माळ्यावर जातो. मारुतीची जत्रा माळ्याचीच. फोंताइन्यशची वस्ती ज्या बागायतीवर उभी राहिली, ती आंतोनियु जुआंव सिकेर यांची. मोझांबिकशी संबंध, म्हणून लोक त्यांना 'मोस्मीकार' म्हणत. घराण्यापेक्षा माणूस कुठून आला यावर टोपणनाव पाडायची ही गोव्याची जुनी खोड.

दोन तारखांचे दोन रस्ते हे या शहराचे खरे वैशिष्ट्य. '३१ जानेवारी' ही तारीख पोर्तुगालमधली, १८९१ साली पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाची. 'अठरा जून' आपली : १९४६ साली याच दिवशी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी सविनय कायदेभंगाची हाक दिली. १९६१ च्या गोवामुक्तीनंतर बरेच बदलले. गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकेर्कच्या नावाचा चौक आझाद मैदान झाला आणि त्याचा पुतळा जुने गोव्याच्या संग्रहालयात गेला. ३१ जानेवारी मात्र जागची हलली नाही. अठरा जून रस्त्यावर खरेदीला जाणाऱ्या किती मुलांना ती तारीख कशाची हे सांगता येईल? शाळांनी तरी ते सांगायला हवे.

मिरामार किनाऱ्याला जुनी माणसे गास्पार दियश म्हणत. तिथे त्या नावाचा किल्ला होता. आता तिथे भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे, आणि 'भाऊ' एवढे म्हटले तरी गोव्यात पहिले मुख्यमंत्रीच समजतात.

नव्या नावांतही लोक निवड करतात. मांडवीवरचा जुना पूल १९८६ च्या जुलैत कोसळला आणि फेरीबोटींवर भार पडला. पुढे दुसरा पूल आला, मग २०१९ मध्ये तिसरा. तोवर 'तिसरा पूल' म्हणणारे लोक आता सहज 'अटल सेतू' म्हणू लागले. त्याच्या पायथ्याचे 'दिवजा सर्कल' तर आधीच रुळले होते, कारण दिवजा, म्हणजे पेटते दिवे, घेऊन ओळीने निघणाऱ्या बायका इथल्या प्रत्येकाने देवळात पाहिलेल्या आहेत.