कुकीची कटकट आणि जीडीपीआर: चोर सोडून संन्याशाला फाशी

वेबसाइट उघडली की अर्धी स्क्रीन खात तो डबा वर येतो ना, 'आम्ही आणि आमचे शेकडो पार्टनर तुमच्या प्रायव्हसीची कदर करतो' वगैरे, तो दिसला की इकडे ब्रिटनमधे जो तो म्हणतो, बघा, हा जीडीपीआर, म्हणजे युरोपियन युनियनचा वैयक्तिक माहितीबद्दलचा कायदा, ब्रसेल्सवाल्यांनी डोक्याला लावून दिलेला ताप. ऑफिसात हेच, मराठी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पण हेच. ताप ब्रसेल्सहून आला हे खरंय, पण तो जीडीपीआरचा नाही. कायदे दोन आहेत आणि लोकांनी त्यांची पार खिचडी केलीय.

त्या डब्यात परवानगी मागतात ती कुकीची, म्हणजे साइट तुमच्या फोन-लॅपटॉपमधे ठेवते त्या छोट्या फाइलची. कुकीवाला कायदा म्हणजे युरोपियन युनियनचा ई-प्रायव्हसी डायरेक्टिव्ह, २००२ चा, म्हणजे फेसबुकचा जन्म पण व्हायचा होता. आधी त्यात एवढंच होतं की साइटनं सांगायचं आणि नको म्हणायची सोय ठेवायची. २००९ मधे दुरुस्ती झाली आणि आधी विचारा मग कुकी टाका असं झालं. डायरेक्टिव्ह असला की प्रत्येक देश आपापला कायदा करतो, ब्रिटननं २००३ मधे पीईसीआर नावाचा केला आणि परवानगीची अट त्यात २०११ मधे घातली. कुकीच्या बाबतीत हा कायदा एकच गोष्ट बघतो, तुमच्या फोन-लॅपटॉपमधे कोण काय ठेवतंय आणि तिथून काय वाचतंय. त्या माहितीवरून तुम्ही ओळखू येता का नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

जीडीपीआर नंतरचा, २०१६ मधे पास झाला आणि २५ मे २०१८ पासून लागू. तो बघतो तुमची माहिती कुणी का घेतली, किती दिवस ठेवली, कुणाला दिली, मग ती ॲपमधे असो नाहीतर दवाखान्यातल्या कागदी फायलीत. त्याच्या ९९ कलमांत कुकी हा शब्द एकदाही येत नाही, प्रस्तावनेत ३० व्या परिच्छेदात काय तो ओझरता उल्लेख. आणि कायदा कामाचा आहे हो. मी एका जिमची मेंबरशिप बंद केली तरी ऑफरचे मेसेज थांबेनात, म्हणून माझी काय काय माहिती तुमच्याकडे आहे ती सगळी पाठवा असा मेल टाकला, तर महिन्याच्या आत पीडीएफ आली, त्यात जुना पत्ता, कुठल्या दिवशी किती वाजता आत शिरलो त्याची यादी आणि रिसेप्शनवरच्या कुणीतरी लिहून ठेवलेलं, 'कस्टमर वाद घालतो'. हे मागायचा हक्क जीडीपीआरमधे आहे.

मग गोंधळ का झाला? कारण परवानगी कशाला म्हणायचं ही व्याख्या कुकीवाला कायदा जीडीपीआरकडून उसनी घेतो, आणि ती २०१८ मधे कडक झाली. 'साइट वापरताय म्हणजे तुम्हाला मान्य आहे' हे चालेना, आणि आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे परवानगी नाही असं युरोपियन कोर्टानं २०१९ मधे प्लॅनेट ४९ या जर्मन कंपनीच्या केसमधे सांगून टाकलं. सगळ्या साइट घाबरल्या, डबे मोठे झाले, आणि नाव लागलं नव्या कायद्याला.

आता एकदा त्या डब्यातलं 'सेटिंग्ज' दाबून बघा. बऱ्याच ठिकाणी एक दुसरा टॅब असतो, 'लेजिटिमेट इंटरेस्ट', म्हणजे आमचं रास्त काम आहे म्हणून न विचारता माहिती वापरतो, तिथे सगळी बटणं आधीच चालू आणि ती एकेक करून तुम्ही बंद करायची. हा आधार जीडीपीआरमधे आहे, पण कुकीवाल्या कायद्यात मुळात नाहीच, तिथे परवानगी लागते म्हणजे लागते. जीडीपीआरमधली पळवाट कुकीवाल्या कायद्यात नेऊन बसवलीय आणि वर कटकट मात्र सरकारच्या नावावर. खरं तर बास्केट, लॉगिन अशा अत्यावश्यक कुकीजना परवानगी लागतच नाही. गिटहब या प्रोग्रामरांच्या साइटनं २०२० मधे बाकीच्या कुकीज काढून टाकल्या आणि बॅनरच उडवला.

फरक कळला की दंडाच्या बातम्या पण नीट कळतात. फ्रान्सच्या सीएनआयएल या प्रायव्हसीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं २०२२ च्या सुरुवातीला गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड ठोकल्याचं जाहीर केलं, कारण 'हो' एका क्लिकवर आणि 'नको' म्हणायला आत आत शिरावं लागत होतं. तो दंड जीडीपीआरखाली नव्हता. तसा असता तर या कंपन्यांची युरोपातली ऑफिसं आयर्लंडमधे म्हणून प्रकरण डब्लिनला गेलं असतं, कुकीवाल्या कायद्यामुळे पॅरिसला स्वतःच हात घालता आला.

ब्रेक्झिटवाल्यांनी तर या खिचडीवर चांगलंच राजकारण केलं. २०२१ मधे मंत्री ऑलिव्हर डाउडन जीडीपीआरपासून फारकत घ्यायच्या गप्पा मारत होते आणि त्याच दमात कुकीचे डबे घालवू म्हणत होते. शेवटी कायदा आला तो लेबरच्या काळात, जून २०२५ मधे, त्यात साइटच्या आकडेवारीसाठीच्या काही कुकीजना सूट मिळाली, पण पीईसीआरचा जास्तीत जास्त दंड ५ लाख पौंडांवरून थेट १.७५ कोटी पौंड किंवा जगभरातल्या उलाढालीच्या ४ टक्के, जे जास्त असेल ते. डबे अजून आहेतच.

तिकडे ब्रसेल्सनं कुकीसाठी नवीन रेग्युलेशन, म्हणजे सगळ्या देशांत थेट लागू होणारा कायदा, २०१७ मधे मांडलं होतं, ते आठ वर्षं रखडलं आणि २०२५ मधे गुंडाळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमधे युरोपियन कमिशननं नवा प्रस्ताव आणला की वैयक्तिक माहितीवाल्या कुकीजचा नियम उचलून जीडीपीआरमधेच टाकायचा. तो पास झाला तर इतकी वर्षं जीडीपीआरच्या नावानं बोटं मोडणारे निदान युरोपात तरी बरोबर ठरतील.