मे १९४३: अटलांटिकचे पारडे फिरवणारी दहा सेंटीमीटरची लहर

दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४३ मध्ये, एचएक्स २२९ आणि एससी १२२ या दोस्त राष्ट्रांच्या मालवाहू जहाजांच्या दोन काफिल्यांवर जर्मन पाणबुड्या तुटून पडल्या. २२ मालवाहू जहाजे बुडाली, पाणबुडी गेली फक्त एक. दोनच महिन्यांनी चित्र उलटे झाले. मे महिन्यात जर्मनीच्या ४१ पाणबुड्या नष्ट झाल्या आणि २४ मे रोजी जर्मन नौदलाचा प्रमुख अॅडमिरल ड्योनिट्झने उत्तर अटलांटिकमधून माघारीचा आदेश दिला. लांब पल्ल्याची लिबरेटर विमाने, गुप्त संदेशांची उकल, रेडिओ संदेशावरून पाणबुडीची दिशा काढणारी यंत्रे, या सगळ्यांचा त्यात वाटा होता. तरी सर्वांत मोलाची ठरली ती रडारची तरंगलांबी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या काळची पाणबुडी बहुतेक वेळ पाण्यावरच असे. टाइप सात-सी ही जर्मनांची मुख्य पाणबुडी डिझेलवर पृष्ठभागावरून ताशी १७ सागरी मैल जाई. पाण्याखाली बॅटरीवर फार तर साडेसात. ताशी ४ मैलांच्या संथ गतीनेही ८० मैलांत बॅटरी संपे. म्हणून रात्री वर येऊन चार्जिंग करणे भागच होते आणि हल्लाही अंधारात, पृष्ठभागावरूनच व्हायचा.

ब्रिटिश विमानांवरचे आधीचे रडार दीड मीटर तरंगलांबीचे होते. पाणबुडी जवळ आली की शेवटच्या सुमारे एक किलोमीटरमध्ये तिचा प्रतिध्वनी लाटांच्या प्रतिध्वनीत बुडून जाई. त्यावर उपाय म्हणून वेलिंग्टन विमानांना ६१ सेंटीमीटर व्यासाचा ‘ली लाइट’ हा प्रखर झोत बसवला आणि तो जून १९४२ पासून परिणाम दाखवू लागला. पण ऑगस्टपासून पाणबुड्यांवर ‘मेटॉक्स’ हा रडारच्या लहरी ऐकणारा रिसीव्हर आला. विमानाला जाऊन परत आलेली क्षीण लहर पकडायची असते, पाणबुडीला मात्र थेट आलेली. अंतर दुप्पट झाले तर थेट लहरीची शक्ती चौथाई होते, प्रतिध्वनीची सोळावा हिस्सा. त्यामुळे पाणबुडीला विमानाची चाहूल आधी लागे आणि ती बुडी मारे.

कोंडी फोडणारे उपकरण तोवर तयार होते. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी रडारसाठी आखूड लहरी निर्माण करणारा कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. तांब्याच्या ठोकळ्यात मधोमध एक पोकळी, तिच्याभोवती सहा भोके, प्रत्येक भोक अरुंद फटीने मधल्या पोकळीशी जोडलेले. मध्यभागी तापलेला कॅथोड आणि अक्षाच्या दिशेने जोरदार चुंबकीय क्षेत्र. कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन या क्षेत्रामुळे वळतात आणि फटींवरून घसटत जाताना भोकांमध्ये विद्युतदोलने उठवतात. बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की ती घुमते, तसेच. भोकाचा आकार ठरवाल ती तरंगलांबी मिळते. पहिल्याच नमुन्याने दहा सेंटीमीटरच्या आसपास सुमारे ४०० वॅट दिले. एवढ्या आखूड लहरीवर इतकी शक्ती तोवर मिळालीच नव्हती.

रडारच्या लहरींच्या झोताची रुंदी अंशांत काढायची तर तरंगलांबीला अँटेनाच्या व्यासाने भागून ७० ने गुणावे. पाऊण मीटरच्या तबकडीतून दहा सेंटीमीटरची लहर सोडली तर झोत सुमारे ९ अंशांचा होतो. दीड मीटरच्या लहरीला तोच झोत हवा असेल तर ११ मीटरहून मोठी अँटेना लागेल, ती विमानावर बसवायची कुठे? अरुंद झोतात लाटांचा गोंगाट कमी येतो, आणि मेटॉक्सला ही लहर ऐकूच येत नव्हती.

५ मेच्या रात्री ओएनएस ५ या काफिल्याभोवती दाट धुके उतरले. संरक्षक नौकांच्या सेंटीमीटर रडारला त्या धुक्यातही पृष्ठभागावरच्या पाणबुड्या दिसत होत्या, पाणबुड्यांना मात्र काहीच दिसत नव्हते. काफिल्याची १३ जहाजे गेली, पण पाणबुड्याही सहा बुडाल्या.

पाणबुडी दिसली म्हणून मरत नाही. विमानातून टाकलेले डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्यात ठरलेल्या खोलीवर फुटणारे बॉम्ब, आधी १०० फुटांवर फुटत, त्यांचा घातक पल्ला जेमतेम २० फूट. भौतिकशास्त्रज्ञ ई. जे. विल्यम्स यांनी हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या. पाणबुडी इतकी खोल गेली असेल, तर तोवर ती बाजूलाही कुठे सरकली हे वैमानिकाला कळत नाही, नेम चुकणारच. नेम लागण्याची खरी संधी अजून वरच असलेल्या पाणबुडीवर, आणि तिच्या खूप खाली स्फोट होत होता. नवे फ्यूज बनवून ही खोली टप्प्याटप्प्याने २५ फुटांवर आणली, तसे हल्ले यशस्वी होऊ लागले.

जर्मनांच्या हाती मॅग्नेट्रॉन फेब्रुवारी १९४३ मध्येच लागला होता, रॉटरडॅमजवळ पाडलेल्या एका बॉम्बफेकी विमानात. तरी पाणबुडी विभागाचा संशय भलतीकडेच गेला: मेटॉक्स स्वतःच लहरी फेकतो आणि विमाने त्यांचाच माग काढतात. ऑगस्टमध्ये मेटॉक्स बंद ठेवण्याचे आदेश निघाले. सेंटीमीटर लहरी ऐकणारा ‘नाक्सोस’ पाणबुड्यांवर पोहोचला तो त्या वर्षाच्या उत्तरार्धात, मे महिन्यातल्या संहारानंतर.